परवाना एकाचा, खाते दुसऱ्याचे: बंदुकीच्या ऑनलाइन सौद्यात पैसे कसे द्यावे, कसे घ्यावे

माढा तालुक्यातल्या एका बागायतदाराने विचारले आहे. त्यांना नुकताच जिल्हाधिकारी कार्यालयातून शस्त्र परवाना मिळाला. सोशल मीडियावरच्या एका ग्रुपमध्ये उत्तर प्रदेशातला कुणी .३२ ची रिव्हॉल्वर विकतो आहे. किंमत १ लाख ९५ हजार. म्हणतो, ‘बुकिंगचे ४० हजार यूपीआयवर टाका, बाकीचे माल हातात पडल्यावर रोख द्या, घरपोच आणून देतो.’ दुसरे, ७६ वर्षांच्या वडिलांची बारा बोअरची दुनळी विकायची आहे. तिला पुण्याचे गिऱ्हाईक ऑनलाइनच मिळाले, आणि ते गिऱ्हाईक पैसे मेहुण्याच्या खात्यावरून पाठवणार आहे. दोन्ही सौद्यांत पैशांची कुठली पद्धत सुरक्षित, असा प्रश्न.

सोलापुरात आमचे परवाना असलेले बंदुकांचे दुकान आहे. अण्णांनी सुरू केले, तीस वर्षे मी बसतो. त्या अनुभवावर सांगतो.

त्या रिव्हॉल्वरवाल्याला ४० हजार टाकू नका. चार हजारही टाकू नका. ‘बघू तरी’ म्हणून दहा रुपयेसुद्धा नको, कारण त्या दहा रुपयांवरून त्याला एवढे कळते की हा माणूस पैसे टाकणारा आहे. मग फोन थांबत नाहीत.

आता कारण सांगतो, कारण ते समजले की पुढची निम्मी उत्तरे तुमची तुम्हालाच सापडतील. आपल्याकडे बंदूक ही ‘माल’ नाही. ती कुणाच्या तरी परवान्यावरची नोंद आहे. विकणाऱ्याच्या परवान्यावरून ती नोंद उतरते आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर चढते, तेव्हा विक्री होते. मधला पैसा हा त्या कागदाच्या मागून चालणारा भाग. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये खासगी माणसाला स्वतःचे परवान्यावरचे शस्त्र विकता येते असे म्हटले आहे, पण अट अशी की कुणाला विकणार त्याचे नाव-पत्ता घालून जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवायचे, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. घेणारा ते शस्त्र बाळगायला पात्र हवा, म्हणजे त्याच्या परवान्यावर त्या प्रकारच्या शस्त्राची जागा मोकळी हवी. खरा विकणारा पहिल्या-दुसऱ्या फोनलाच तुम्हाला परवान्याची प्रत मागतो, कारण तुमचे नाव-पत्ता कळल्याशिवाय त्याला अर्जच करता येत नाही. तुमच्या माणसाने परवाना विचारलाच नाही, थेट क्यूआर कोड पाठवला. इथेच सौदा संपला.

आणि ‘घरपोच’. अहो, आंब्याची पेटी आहे का ती? शस्त्र कुठून कुठे, कोणाच्या परवान्यावर जाते आहे याचा कागद बरोबर असावा लागतो. कुरिअरवाला उघडपणे ते घेत नाही, आणि जो लपवून आणतो तो तुम्हाला विकत नाही, गुंतवतो. अशा जाहिरातींखाली दोनच प्रकारचे लोक असतात. एक, ज्याच्याकडे शस्त्र नाहीच, फोटो आहे. दुसरा, ज्याच्याकडे गावठी कट्टा किंवा चोरीचा नग आहे. पहिला भेटला तर पैसे जातात. दुसरा भेटला तर माणूस जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्याला दोन ते पाच वर्षे, प्रतिबंधित शस्त्राला सात ते चौदा वर्षे, आणि बेकायदा विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ‘पण माझ्याकडे परवाना आहे’ हे तिथे चालत नाही, कारण तो नग तुमच्या परवान्यावर चढलेला नसतो. उलट तुम्ही यूपीआयने पाठवलेले ४० हजार हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा होतो.

फोटो बघूनही बरेच कळते. नऊ एमएमचे पिस्तूल साध्या नागरिकाला विकायला काढलेले दिसले की पुढे वाचूच नका. नऊ एमएम, .३८, .४५ हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप. सामान्य परवान्यावर .३२, .२२, .३१५, बारा बोअर अशी शस्त्रे येतात. सिनेमात दिसणारे काळे चकचकीत पिस्तूल ‘सत्तर हजारात, पेपरसह’ अशी जाहिरात मला आठवड्याला एक तरी कुणी पाठवतो. कसले पेपर, ते कुणी विचारत नाही.

आता पैशांच्या पद्धतींकडे येतो.

इंटरनेटवर या विषयावर शोधले तर बहुतेक सल्ले अमेरिकेचे निघतात. तिकडे दुसऱ्या राज्यातून ऑनलाइन घेतलेले शस्त्र घेणाऱ्याच्या जवळच्या परवानाधारक दुकानदाराकडे येते, तो तपासणी करून हातात देतो. पैसे टपालाच्या मनीऑर्डरने पाठवा, अमके वॉलेट वापरू नका कारण त्यांच्या नियमात शस्त्रे बसत नाहीत, असे सगळे सल्ले त्या चौकटीतले. ते वाचून आपल्याकडचा माणूस ‘एस्क्रो’ नावाची, म्हणजे सौदा होईपर्यंत पैसे मध्ये सांभाळणारी, वेबसाइट शोधतो आणि विकणाऱ्यानेच पाठवलेल्या लिंकवर पैसे भरतो. ती मधली तिऱ्हाईत कंपनी म्हणजे त्याचाच दुसरा मोबाइल असतो. आपल्याकडे मधला विश्वासू तिऱ्हाईत हवाच असेल तर तो तुमच्या जिल्ह्यातला परवानाधारक दुकानदार. नोंदवही त्याच्याकडे, तपासणीला उत्तर द्यायचे त्याला, आणि दुकान सोडून तो रातोरात जाणार कुठे!

माझा नियम एकच आहे आणि तो मी ठेच लागून शिकलो: परवान्यावरचे नाव, बँक खात्यावरचे नाव आणि पावतीवरचे नाव एकच पाहिजे. तीनपैकी एक जरी वेगळे निघाले तर सौदा तिथेच थांबवायचा.

ठेच कशी लागली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने एकनळी घेतली. माणूस चांगला, परवाना चोख, सगळ्या नोंदी झाल्या. पैसे मात्र त्याने एका मित्राच्या खात्यावरून पाठवले, ‘माझ्या ॲपची मर्यादा संपली’ म्हणून. मी घेतले. तीन आठवड्यांनी माझ्या चालू खात्यातली रक्कम गोठली. बँकेत गेलो तर कळले की परराज्यातल्या कुठल्याशा सायबर तक्रारीत त्या मित्राच्या खात्यातून फिरलेले पैसे पुढे माझ्याकडे आले होते. त्या मित्रानेही ते कुणाकडून तरी भोळेपणाने घेतलेले. दुकानाचे भाडे, पोराची फी, कारागिराचा पगार, सगळे त्या खात्यात. बिल, नोंदवहीचा उतारा, परवान्याची प्रत घेऊन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे सुटले. दोन महिने गेले. आणि मला त्यातल्या त्यात बरे, कारण माझ्याकडे पक्के बिल होते. तुमच्या वडिलांच्या पेन्शनच्या खात्यावर असे झाले तर? म्हणून पुण्याच्या मेहुण्याचे पैसे नको. मेहुणा कितीही सज्जन असो. ज्याच्या परवान्यावर बंदूक चढणार, पैसे त्याच्याच खात्यातून यायला हवेत. मेहुण्याला मदत करायचीच असेल तर त्याने ते पैसे आधी आपल्या दाजींच्या खात्यात टाकावेत, तिथून पुढे तुमच्याकडे.

हाच नियम तुमच्या बाजूनेही लागू. परवाना वडिलांच्या नावाचा, म्हणजे पैसे वडिलांच्या खात्यात. ‘बाबांना फोन पे येत नाही, माझ्यावर टाका’ असे म्हणू नका. उद्या घेणाऱ्याने वाद काढला तर परवानाधारकाला पैसे मिळाल्याचा कागद कुठेच नसतो.

पद्धती म्हणाल तर मोठ्या रकमेला माझी पसंती सरळ बँकेतून बँकेत, एनईएफटी किंवा आरटीजीएस. आरटीजीएस २ लाखांपासून पुढे चालते, एनईएफटीला खालची मर्यादा नाही, आणि दोन्ही आता चोवीस तास चालू असतात. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून २०२५ च्या एप्रिलपासून बँकांनी एक सोय दिली आहे: खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसते. ती फार कामाची. पूर्वी नाव आपण काहीही लिहा, पैसा नुसत्या नंबरवर जायचा. आता नाव बघायचे, परवान्याच्या प्रतीशी ताडायचे, मगच पाठवायचे. ‘रामप्रसाद’ म्हणणाऱ्याचे खाते ‘न्यू बालाजी मोबाइल शॉपी’ निघाले तर तिथेच फोन ठेवायचा.

डिमांड ड्राफ्ट जुना, पण बंदुकीच्या धंद्यात अजून जिवंत आहे. अण्णांच्या काळात कानपूरच्या रिव्हॉल्वरसाठी ड्राफ्ट काढून पाठवायचा आणि महिनेन्‌महिने वाट बघायची, अशी रीत होती. ड्राफ्टचे बरे हे की २०१८ पासून तो काढणाऱ्याचे नावही त्यावर छापलेले असते, म्हणजे कुणी पैसे भरले ते कागदावरच दिसते. मुदत तीन महिने. पण ड्राफ्ट म्हणजे रोख, ही जुनी समजूत सोडा. खोटे ड्राफ्ट हुबेहूब बनतात. विकणाऱ्याने ड्राफ्ट हातात आला म्हणून हत्यार द्यायचे नाही. ज्या शाखेचा आहे तिथे विचारायचे, आणि शाखेचा नंबर ड्राफ्ट देणाऱ्याकडून घ्यायचा नाही, आपण शोधायचा. माझ्या बाबतीत तर ड्राफ्ट खात्यात जमा झाल्याशिवाय वही उघडत नाही.

धनादेशाला माझी हरकत नाही, फक्त तो वटेपर्यंत शस्त्र कपाटातच राहील. चेक परत गेला तर खटला भरायला कलम १३८ आहे, खरे. पण बंदूक समोरच्याच्या हातात आणि मी कोर्टात तारखा मोजतोय, हे चित्र मला नको. साधा चेक नसेलच चालत तर बँकेची पे ऑर्डर घ्या.

यूपीआय वाईट आहे असे मी म्हणत नाही. दुकानात समोर उभे राहून, बिल करून, कोड माझ्या भिंतीवरचा, तर हवे तेवढे करा. तसेही एका माणसाकडून दुसऱ्याला दिवसाला सहसा १ लाखाच्या वर जात नाहीत. वाईट आहे ते न पाहिलेल्या माणसाला यूपीआयने आगाऊ पैसे देणे. यूपीआयने गेलेला पैसा म्हणजे तुम्ही आपल्या हाताने, पिन टाकून, दिलेला पैसा. ‘वस्तू आलीच नाही’ म्हणून तो परत आणणारी खिडकी तिथे नाही. आणि ही एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. तुमची दुनळी विकताना गिऱ्हाईक म्हणेल, ‘हा कोड स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील.’ येत नाहीत, जातात. लष्करात असल्याचे सांगणारे तर खास. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचे कार्ड, सगळे पाठवतात. ‘आमच्या खात्याचा नियम असा की आधी तुम्ही दहा रुपये पाठवा, मग वीस परत येतील’. वीस येतातही. मग पाच हजार पाठवायला सांगतात. आपल्याकडे घरटी एक जण फौजेत असतो असे गाव काढायला वेळ लागत नाही, म्हणून त्या गणवेशाला मान आहे, आणि त्याच मानावर हे लोक जगतात. खऱ्या जवानाला बंदूक घ्यायची असेल तर त्यालाही परवाना लागतो, आणि तो दाखवतो.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या पासबुकात, निदान बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये रक्कम दिसायला हवी. एसएमएससुद्धा खोटा पाठवता येतो.

रोख? समोरच्याने किंमत १ लाख ९५ हजार सांगितली ती मला उगीच वाटत नाही. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड बसतो, आणि दोन दिवसांत दोन तुकडे केले तरी व्यवहार एकच धरतात. म्हणून ही मंडळी बरोबर त्याच्या खाली थांबतात. कायद्याने चालत असले तरी शस्त्राच्या सौद्यात मी रोख टाळतो. तेल, ब्रश, पट्टा, किरकोळ दुरुस्ती, याला घ्या रोख. पण शस्त्र कधी घेतले, कुणाकडून, कितीला, हे दहा वर्षांनी कुणी विचारले तर बँकेची ओळ दाखवता आली पाहिजे. कोरोना, वाटण्या, भावकीचे खटले, यात जुने कागद कुठे जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

कार्डाबद्दल एवढेच की बहुतेक पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटसाठी कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या, शस्त्रांना आपल्या निषिद्ध यादीत ठेवतात. त्यामुळे ‘कार्डने भरा, ईएमआय मिळेल’ म्हणणारी रिव्हॉल्वरची वेबसाइट दिसली तर ती बहुधा कार्डाचा नंबर गोळा करणारी आहे.

नवे शस्त्र कारखान्याचे घ्यायचे असेल तर एक खूण लक्षात ठेवा. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ पासून राहिलेले नाही, त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. .३२ ची रिव्हॉल्वर आता कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे येते. आजच्या तारखेला कुणी ‘ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड’ नावाचे खाते देऊन त्यात पैसे भरायला सांगत असेल तर तो जुन्या पत्रकावरून फसवणूक करणारा आहे. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून उघडा, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकने नको. आणि ‘परवाना पडताळणी ॲप’ म्हणून कुणी एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, पाठवली तर उघडू नका. ती तुमचा परवाना नाही, तुमचे एसएमएस पडताळते.

पैसे किती आणि केव्हा, हा खरा कळीचा भाग. लोक पद्धत विचारतात, वेळ विचारत नाहीत. आपल्याकडे जमिनीला जसा विसार असतो तसाच इथेही ठेवावा. विसार छोटा, पावतीवर, आणि परवान्याच्या प्रती एकमेकांना दिल्यानंतरच. पावतीत शस्त्राचा प्रकार, बोअर, नंबर, दोघांचे परवाना क्रमांक आणि यूआयएन (परवानाधारकाचा देशपातळीवरच्या नोंदीतला ओळख क्रमांक), ठरलेली किंमत, आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: त्या अर्जावर परवानगी नाकारली गेली तर विसार किती दिवसांत, कोणत्या खात्यात परत. ही ओळ नसली की भांडण ठरलेले. मुद्रांकावर करणार असाल तर आता पाचशेचा लागतो, शंभरचा नाही. पण साध्या कागदावर दोन साक्षीदारांसह लिहिलेली पावतीही न लिहिलेल्या करारापेक्षा शंभर पटीने बरी. बाकीची रक्कम ४५ दिवस उलटून परवानगी हातात आल्यावर, हत्यार समोर ठेवून, नंबर परवान्याशी ताडून. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर पैसे खिशातच राहू द्या आणि त्या बंदुकीला हात लावू नका.

वेळेत आणखी एक काटा आहे, निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना शस्त्रे जमा करायची नोटीस येते. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा बार्शीकडच्या एका गिऱ्हाइकाने आदल्याच आठवड्यात दुसऱ्या एकाला पूर्ण पैसे दिले होते, परवानगीचा पत्ता नव्हता. शस्त्र पोलीस ठाण्यात, पैसे विकणाऱ्याच्या खात्यात, आणि नोंद कुणाकडेच नाही. जून उजाडला. मग विकणारा म्हणतो, भाव वाढला! शेवटी मिटले, पण त्या तीन महिन्यांत दोघांचे बोलणे बंद झाले होते. निवडणूक तोंडावर असेल तर विसारापलीकडे एक रुपया देऊ नका, घेऊ नका.

परवान्याच्या प्रती एकमेकांना द्या म्हणालो, पण कोरी प्रत देऊ नका. प्रतीवर आडवे लिहा: ‘फक्त अमुक नंबरच्या बंदुकीच्या व्यवहारासाठी, अमुक व्यक्तीस’, तारीख आणि सही. तुमच्या कोऱ्या प्रतीचा फोटो घेऊन उद्या दुसऱ्याला कुणी तुमच्या नावाने रिव्हॉल्वर विकतो. तुम्हाला आलेली त्या उत्तर प्रदेशवाल्याची प्रत, जर आलीच असेल, तर ती अशीच कुणा तिसऱ्याची असू शकते.

आता दुनळीबद्दल. पैशांचे विचारले तरी मी हे विचारणारच: विकताय कशाला? एका माणसाला आता दोन शस्त्रे ठेवता येतात. २०१९ आधी तीन होती. तुमची एक रिव्हॉल्वर झाली तरी दुसरी जागा मोकळी राहते. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले, यापैकी जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. तुमचे वडील ७६. जुनी चांगली दुनळी आज विकली तर जे पैसे येतील त्यात तशी पुन्हा मिळत नाही, कारण परदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसाला कित्येक दशके बंद आहे आणि जुन्या विलायती बंदुका इथल्या इथेच फिरतात. रानडुकरांनी मका लोळवला की मग आठवण येते. अर्थात डुकराला सुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, ते वेगळे. घरात कुणाला नकोच असेल, कपाटात गंज चढत असेल, तर विका, त्यात वाईट काही नाही.

विकायची ठरली तर पुण्याच्या गिऱ्हाइकाला सांगा: तुमचा परवाना आणि यूआयएन पाठवा, शस्त्र तुमच्या परवान्याच्या प्रकारात बसते का ते मी माझ्याकडच्या दुकानदाराकडून बघून घेतो. मग वडिलांच्या सहीने माढ्याच्या पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज. सोलापूर शहरात राहणाऱ्यांचे परवाने पोलीस आयुक्तालयाकडे असतात, तुमचे ग्रामीण, म्हणून जिल्हाधिकारी. पोच घ्या, पोच म्हणजे शिक्का आणि तारीख, तिथूनच ४५ दिवस मोजायचे. दुकानदारालाच विकायची तर भाव थोडा कमी मिळेल, पण पैसा एकाच खात्यातून, बिलासह, एकरकमी येतो आणि नोंद उतरवायची कटकट आमची. या वयात वडिलांना हेलपाटे नको असतील तर मी तोच मार्ग सांगेन, आणि हो, यात माझा धंदा आहे हेही उघड सांगतो.

काडतुसे ऑनलाइन कधीच नाही. ती परवान्यावर लिहिलेल्या संख्येत, दुकानातून, नोंदीसह मिळतात. छऱ्याची बंदूक तेवढी वेगळी: .१७७ बोअर आणि २० जूलपर्यंतची असेल तर परवाना लागत नाही, ती नीट दुकानातून नेहमीसारखे पैसे देऊन घ्या, फक्त बोअर आणि ऊर्जा लिहिलेले बिल जपून ठेवा आणि नेताना बरोबर ठेवा. रस्त्यावर हवालदाराला लांबून ती .३१५ चीच वाटते.

समजा हे वाचायच्या आधीच ४० हजार गेले असतील. तर लाजत बसू नका. लगेच १९३० वर फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, आणि बँकेत लेखी. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. चार दिवसांनी ते दहा खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले असतात. परवाना रद्द होईल या भीतीने लोक गप्प बसतात, आणि फसवणाऱ्यांना ते पक्के ठाऊक असते. ते उलट धमकावतात, ‘बोललास तर तुझ्यावरच शस्त्राची केस घालीन.’ तुम्ही परवानाधारक आहात, शस्त्र तुमच्याकडे आलेले नाही, पैसे बँकेतून गेले आहेत. सगळे खरे सांगा. चॅट पुसू नका.

बंदूक बघायची असेल तर दुकानात या, पण पहिल्या फेरीला दुनळी आणू नका. नुसता वडिलांचा मूळ परवाना, तुमचा परवाना आणि बंदुकीच्या नंबराचा स्पष्ट फोटो आणा. नंबर कधी नळीच्या खाली, लाकडी कुंदा काढल्यावर दिसतो. तो स्वतः उघडू नका, स्क्रू खराब होतो.